उतरवलेली कढई

४ ऑगस्ट, सोमवार

आज पाच जण दारात आले. मी ओट्यावरच बसलो होतो, टोपी घालून, चष्मा पुसून. पाचही जण माझ्यावरून आत डोकावले. "अण्णा, सखुबाई हायत का?" काय काम म्हणून विचारलं तर म्हणे, केसाचं तेल पाहिजे! अरे, चाळीस वर्षं ह्या ओट्यावर केसाचं तेल कोण देतं? वसमतपासून माणसं यायची. जवळा बाजारच्या एका मास्तरच्या टकलावर मी केस आणलेत. आणि आता मलाच विचारतात, सखुबाई हायत का!

मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं' म्हणतो, 'ऐकलं का' म्हणतो. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको तर नाहीच नाही. आता सगळं गाव तिचं नाव घेत फिरतं. कानाला कसंतरीच होतं. जेवल्यावर छातीत दुखल्यासारखं झालं. गॅस असेल. असावा.

७ ऑगस्ट

बचत गटाच्या बाटल्या आल्या. हिरव्या झाकणाच्या. वर कागद चिकटवलेला, मध्ये तिचा फोटो, डोक्यावर पदर, खाली 'सखुबाईचं माका तेल'. फोटोत ती हसते आहे. माझ्याबरोबरच्या एकाही फोटोत ती हसलेली नाही. म्हणजे आमचा फोटोच एक आहे, लेकीच्या लग्नातला. त्यात मीही हसलेलो नाही.

फळीवर माझ्या बाटल्या आहेत. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या, उकळून घेतलेल्या. अकरा. तिच्या चाळीस! माझ्या तिनं कोपऱ्यात सरकवल्या. मी पुढे आणल्या. संध्याकाळी बघतो तर पुन्हा कोपऱ्यात.

८ ऑगस्ट

पुन्हा पुढे आणल्या.

११ ऑगस्ट

इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही.

हे तेल माझं आहे. वसमतच्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडून शिकलो. त्यासाठी त्याच्या दुकानात दोन महिने पडलेले केस झाडून काढले. माका पांढऱ्या फुलाचाच घ्यायचा, कॅनॉलच्या कडेचा, मुळासकट उपटायचा, हे तिला कोणी दाखवलं? मी. पाट्यावर वाटायचा, फडक्यातून रस पिळायचा, तिळाच्या तेलात ओतायचा. जास्वंदीची फुलं, मेथ्या, कढीपत्ता. लोखंडी कढई, मंद जाळ. सगळं मी!

आणि सगळ्यात मोठी खुबी म्हणजे वेळेवर उतरवणं. अगदी पहिल्यांदा केलं तेव्हा कढईनं पेट घेतला. छपराला आग लागता लागता राहिली. ग्यानोबा पारावर बसला की अजून काढतो — "व्यंकटराव, त्या दिवशी आमी घागरी घेऊन पळून राहिलो होतो, आन् तुमी कढईला हात जोडून उभे!" हसू दे. तेव्हापासून मी ठरवलं. पाला काळा पडायला लागला की कढई खाली. एक क्षण जास्त नाही. झाकण ठेवायचं आणि पारावर जाऊन बसायचं. उकळत्या तेलाजवळ थांबलं की मला आजही धडकी भरते, तळहाताला घाम येतो. निवल्यावर ती गाळते, बाटल्या भरते. तेवढंच तिचं काम.

गाळणारीचा फोटो बाटलीवर!

१२ ऑगस्ट

तेलाला आलेल्या एका बाईला मी सांगितलं, प्लास्टिकच्या बाटलीतल्या तेलानं केस जास्त गळतात. ती म्हणाली, "असं व्हय?" आणि दोन बाटल्या घेऊन गेली. हिरव्या झाकणाच्या.

१४ ऑगस्ट

गटाचं काम बघणारी मॅडम स्कूटीवर आली. हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात गटाला स्टॉल मिळणार आहे. तीस लिटर तेल लागेल. शिकेकाई-रिठ्याची पूड मिराबाई करते आहे, तिची काळजी नाही. "पण तेल सखुताई एकट्या किती करणार? सगळ्यांनी आपापल्या घरी करा. ताई, तुम्ही कृती लिहून द्या, फाइललाही लागते. आणि स्टॉलवर तुम्हीच बसायचं. फोटो तुमचा आहे ना!"

ही लाजली. पासष्टी ओलांडलेली बाई, लाजली!

चहा मी केला. मॅडमनी कप घेताना विचारलं, "काका पण मदत करतात वाटतं?"

काका पण! साखर घालायची विसरलो. मुद्दाम नाही. पण सांगितलंही नाही.

१५ ऑगस्ट

सकाळी ती पाटी-दप्तर घेतल्यासारखी वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. तिला सही येते, बाकी लिहिता येत नाही. "मी सांगते, तुमी लिहा."

मी म्हणालो, "मला काय सांगतेस? कोणाचं तेल हाय?"

"तुमचंच हाय. पन एक-दोन गोष्टी..."

"तू चूल बघ."

तिनं वही माझ्याकडं सरकवली. मग उठली. "बरं. तुमचं तुमी लिहा. मी बायकांना तोंडी सांगून टाकते."

काय तोंडी सांगणार? फुशारकी!

तीन तास लागले. पाचवीनंतर एवढं मोठं कधी लिहिलं नव्हतं. तीन कागद फाडले. शेवटची ओळ अशी आहे — 'पाला काळा पडू लागताच कढई ताबडतोब उतरवावी.' ताबडतोबच्या खाली दोन रेघा मारल्या. त्याखाली माझं नाव लिहिलं, पूर्ण. कोणी सांगितलं नव्हतं.

बेबीबाई गटाची सचिव आहे. तिनं कागदाच्या झेरॉक्स काढून घरोघर वाटल्या. सहा घरांत माझं नाव गेलं.

१७ ऑगस्ट

तिनं पेटीतून हिरवं पातळ काढलं आणि दोरीवर हवेला टाकलं. दसऱ्याला अजून दीड महिना आहे! मी विचारलं, कोणाचं लग्न? म्हणाली, "स्टॉलवर बसायचं म्हणल्यावर जरा बरं नगं का?"

पाऊस आला तेव्हा ते पातळ मी आत घेतलं नाही. तीच धावली.

१८ ऑगस्ट

सेनगावहून फोन. आमची लेक पुनम अंगणात घसरली, हात मोडला. ही लगेच निघाली. जीपमध्ये पाय ठेवता ठेवता म्हणाली, "गोळ्या डब्यात हायत. आन् बायकांना म्हणावं, तोंडी सांगायचं राहिलंय, मी येईपर्यंत तेलाला हात लावू नका. माझा निरोप द्या, बराबर द्या." मी मान हलवली.

घर मोठं वाटतं. दोनदा कुलूप बघून आलो.

१९ ऑगस्ट

बेबीबाई आली. "अण्णा, सखुबाई कधी येत्यात? का आमीच तेल घालावं कागदावरून?"

मी म्हणालो, घाला की. कागदात सगळं आहे.

तिचा निरोप दिला नाही. खोटं बोललो नाही, फक्त निरोप दिला नाही. मला बघायचंच होतं, ती नसताना माझ्या कागदावर तेल होतं का. होणारच! न व्हायला काय झालं?

२२ ऑगस्ट. पोळा

गावात बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि सहा घरांतून माझ्या तेलाचा वास. माझ्या! गल्लीतून मुद्दाम दोनदा गेलो. बेबीबाईनं दारातूनच ओरडून सांगितलं, "अण्णा, तुमच्या कागदासारखंच उतरवलं बरं का, दोन रेघा बघून!" मान ताठ झाली. किती दिवसांनी कोणी तेलासाठी माझं नाव घेतलं.

घरी येऊन मीही कढई चढवली, एकट्यानं. पाला काळा पडू लागला तशी उतरवली, झाकली, पारावर जाऊन आलो. गाळलं मी, भरलं मी. काय अवघड आहे त्यात? आठ बाटल्या झाल्या. फळीवर पुढच्या रांगेत ठेवल्या. तिच्या बाटल्या मागे सरकवल्या.

एक ग्यानोबाला दिली. त्याच्या डोक्यावर तेल लावण्यासारखं फारसं राहिलेलं नाही, पण दिली.

२५ ऑगस्ट

तिचा फोन. "निरोप दिला का बायकांना?" आवाज येत नाही असं म्हणून ठेवून दिला. आवाज येत होता.

२९ ऑगस्ट

नव्या बाटल्यांच्या तळाला ढगासारखं काहीतरी जमलंय. बाटली हलवली की वर येतं. एकीचं झाकण उघडलं तर वास! आंबूस, ओल्या फडक्यासारखा.

पावसाळी हवा आहे. नाहीतर दुकानदारानं तिळाच्या तेलात काहीतरी मिसळलं असेल. नाहीतर कोणाची नजर लागली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही. एकदाही नाही!

ग्यानोबा भर पारावर म्हणाला, "व्यंकटराव, तुमचं तेल लावून बसलो तर बायको म्हणते, डोक्यावर ताक सांडलं का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन नाडी मोजली. जोरात चालली होती.

सात बाटल्या पोत्याखाली लपवल्या.

३० ऑगस्ट

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी ती आली. हातपाय धुतले आणि सरळ पोत्याकडं गेली. वासावरूनच. एक बाटली उघडली, नाकाला लावली, उजेडात धरली. झाकण लावलं आणि विचारलं,

"बायकांनी केलं का तेल?"

"केलं."

"निरोप?"

"राहून गेला."

ती उंबऱ्यावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती गुडघे चोळत बसली.

३ सप्टेंबर

गटाची बैठक मिराबाईच्या अंगणात होती. मी सहज तिकडून चाललो होतो. सहज कसलं, कुडाच्या बाहेर उभा राहिलो.

सगळ्यांचं तेल आंबलंय. सहाही घरांतलं.

बेबीबाईचा आवाज सगळ्यात वर — "सखुबाई, कागद दिला, पन खरी गोष्ट पोटात ठेवली तुमी! आमचं आंबलं, तुमचं काहून आंबत न्हाई?"

मिराबाई म्हणाली, "नवऱ्याकडून अर्धाच कागद लिहून घेतला व्हय? आन् म्हणाल्या, आपला गट, आपला गट!"

तिसरी कोणी म्हणाली, "आता स्टॉलवर तुमी बसू नका. लोकायला सांगता काय, माझंच तेवढं चांगलं, ह्या बायांचं घेऊ नका?"

खरं लिहितो, इथं तरी खरं लिहितो. मला बरं वाटलं. फोटोतल्या बाईला शिव्या बसत होत्या आणि मला बरं वाटलं. अर्धं मिनिट असेल.

मग वाटलं, आता ती म्हणणार — कागद माझा न्हाई, ह्यांचा हाय. निरोप दिला होता, ह्यांनी पोचवला न्हाई. मी कुडाला घट्ट धरलं.

ती म्हणाली, "चूक माझी. सांगायचं इसरले. डबे माझ्याकडं आणून टाका, मी बघते."

"काय बघता? सांगा की काय करायचं ते!"

"आणून टाका म्हणलं ना."

बस. एवढंच.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. म्हणजे आहे काहीतरी! माझ्या कागदात नाही असं काहीतरी तिच्याकडं आहे. माझ्या तेलात, माझ्या घरात, माझ्यापासून लपवलेलं! बेबीबाईला दुपारी कळलं ते मला आयुष्यभर कळलं नाही. बायकांपेक्षा मला जास्त राग आला.

दोरीवर हिरवं पातळ दिसलं नाही. पेटी उघडून बघितली. घडी घालून तळाशी ठेवलं होतं.

४ सप्टेंबर

सकाळी डबे आले. तिनं चूल पेटवली, पहिला डबा कढईत ओतला आणि मला म्हणाली, "तुमी पारावर जा."

रोज म्हणते. तेल असलं की नेहमी म्हणते. आज पहिल्यांदा कानाला टोचलं.

गेलो. ग्यानोबाशी दोन शब्द बोललो आणि मागच्या बोळातून परत आलो. कडब्याच्या गंजीआड उभा राहिलो.

ती चुलीला अगदी लागून बसली होती. तेल कडकड वाजत होतं. माझ्या तळहाताला घाम फुटला. उतरव, उतरव, असं तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. ती हलली नाही. कापसाची वात वळली, काडीनं तेलात बुडवली, जाळावर धरली. तडतड! ठिणग्या उडाल्या. तिनं मान हलवली, वात टाकली, बसून राहिली. बऱ्याच वेळानं दुसरी वात. ती थोडी कमी तडतडली. तिसरी देवापुढच्या समईसारखी गप जळली. तेव्हा कुठं तिनं दोन फडकी घेतली आणि कढई उतरवली.

मग मागं न बघता म्हणाली, "कडब्याआड लाल मुंग्या हायत. इकडं या."

मी गेलो. "हे काय?"

"रसातलं पाणी तेलात राहतं. वात वाजली म्हणजे पाणी हाय. ते सगळं गेल्याबिगर उतरवायचं न्हाई, न्हाईतर तेल आंबतं."

"आणि मी उतरवतो ते?"

"ते मी परत चढवते. तुमी पारावर गेले की."

"कधीपासून?"

"पुनम पोटात होती तवापासून."

पुनमला आता अडतिसावं लागलं आहे.

"वातीचं तुला कोणी शिकवलं?"

"कोनी न्हाई. तुमचं उरलेलं तेल एकदा देवापुढच्या निरांजनात घातलं. लई तडतडलं. तवा कळलं."

"काहून सांगितलं न्हाई मला?"

ती दुसरा डबा ओतत होती. "सांगणार होते. पन पहिल्याच बाटलीला जवळा बाजारचे मास्तर आले, तुमचे पाय धरले. तुमी त्या दिवशी आनंदाच्या भरात जेवायचं इसरले, नुसते ओट्यावर बसून राहिले. मग कसं सांगावं? मग राहूनच गेलं."

"आता सांग बायकांना. तुला स्टॉलवरून काढून राहिल्या त्या."

"काय सांगू? अण्णांचं तेल कच्चं असतंय म्हणून? बोलू दे. न्हाई बसले हिंगोलीला तर काय मरते का." आणि तोंड चुलीकडं केलं. धुरानं डोळे पुसते तसे पुसले.

मी तिथंच उभा. जाळ मोठा होता.

५ सप्टेंबर

पारावर गेलो नाही. फळीवरच्या माझ्या जुन्या अकरा बाटल्या एकेक उघडून वास घेतला. एकही आंबलेली नाही. कशी आंबेल?

चाळीस वर्षं मी उगाच म्हणतो. पहिली कढई पेटली. पुढचं सगळं तिनं केलं. मास्तरचं डोकंसुद्धा तिचंच.

अजून राग येतो. तिचा येतो, त्या फोटोचा येतो. तिला सगळं माहीत होतं आणि ती मला 'तुमचंच हाय' म्हणत राहिली, ह्याचा सगळ्यात जास्त येतो. झोप लागत नाही. तिला लागते.

६ सप्टेंबर

आज वात मी धरली. लांबून, हात पूर्ण ताणून. तडतडली तशी हातातून पडली. ती हसली — फोटोतल्यासारखी!

८ सप्टेंबर, सोमवार

गटाच्या बैठकीत आत गेलो. बायकांनी पदर सावरले. कागद उघडला आणि सगळ्यांसमोर शेवटची ओळ खोडली. 'वात तडतडायची थांबल्यावरच कढई उतरवावी.' मोठ्यानं वाचून दाखवलं. खालचं माझं नावही खोडलं. निरोप मी दाबला होता, तेही सांगितलं.

बेबीबाई म्हणाली, "अण्णा, म्हणजे एवढी वर्षं आमी डोक्याला लावलं, ते तेल कोणाचं?"

"सखूचं," मी म्हणालो.

ती मागच्या रांगेत होती. तिनं झटकन पदर तोंडावर ओढला. हसली का, ते दिसलं नाही.